चोवीस तासांचा नमुना

बांबोळीची ओपीडी, सोमवार, एकशे बारावा पेशंट.
घनश्याम कुडतरकर, वय चौसष्ट, धंदा:
हा रकाना मीच रिकामा सोडला होता, हे आधीच सांगते.

हात थरथरतो. झोप नाही. तोंडात तांब्याचा पैसा धरल्याची चव.
हिरड्यांतून रक्त, रात्री उशी लाळेने भिजते.
सून म्हणाली, "आणि डॉक्टर, मामंजींचा पारा हल्ली लगेच चढतो.
गिऱ्हाईक आलं की मात्र लाजून आत पळतात."
मी हसले. लिहिलं: कंपवात? अर्धी गोळी, दोन वेळा.
भाषेने निदान ताटात वाढलं होतं
आणि मी महिनाभर दुसरंच जेवत बसले.

मग ऑगस्टात सोबत नात आली, दुर्वा, साडेचार वर्षांची.
तळहात गुलाबी, सोललेले. पावलंही.
कुणीतरी साबण बदलायला सांगितलं होतं, दोनदा.
घामाने निथळती, उजेड नको म्हणून
आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलेली.
नाडी एकशे चाळीस. रक्तदाब माझ्यापेक्षा जास्त.
एका घरात दोन आजार,
की एकच, दोन वयांचा?

"शेट, तुम्ही काम काय करता?"
"सोनार न्हय, बाये? सायबिणीच्या मुकुटाक मुलामो दितां."
"कशाने?"
त्यांना माझी कीव आली.
"पाऱ्यान. सोनें पाऱ्यांत कालयतां, रुप्याक लायतां, उज्यार धरतां.
पारो उडटा, सोनें उरता."
"उडून जातो कुठे?"
पन्नास वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
ते वर बघू लागले. मीही. वर नुसता पंखा.
कुंभारजुव्याच्या त्यांच्या घरी मात्र
भट्टीच्या डोक्यावर माळा होता,
माळ्यावर दुर्वाचं अंथरूण.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. माझे टोचले गेले.

तपासणीआधी मासळी बंद. "पांच दीस?"
तेव्हा पहिल्यांदा ते खरोखर आजारी दिसले.
चोवीस तासांची लघवी पांढऱ्या कॅनमध्ये,
बसमधून मांडीवर, घरचं तूप आणावं तशी आणली.
सिस्टर ऑलिंडाने चिठ्ठी चिकटवली, दुसरी चिठ्ठी लहान कॅनवर.
अकराव्या दिवशी बंगळुरूहून आकडा आला.
मी तीनदा वाचला, दशांशचिन्ह कुठे हरवलंय का बघत.

आरोग्य खात्याच्या माणसाने दिवे मालवले,
टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरला:
फळ्यांच्या फटीफटींतून चमचम.
"रोज केर काढते हो मी," सून म्हणाली,
आणि तिला कसं सांगायचं
की केरसुणी एका थेंबाचे सात करते.

कॅप्सूल मुंबईहून आल्या. डबी उघडली की सडक्या अंड्याचा वास.
सगळ्यांनी नाकं धरली. शेटांनी हुंगलं.
"गंधक!" म्हणाले. "गंधक पाऱ्याक धरता. आमच्या खलांत पळयलां."
फार्माकॉलॉजीचं अख्खं पान
म्हाताऱ्याने एका ओळीत संपवलं.

चौथ्या आठवड्यात दुर्वा रात्रभर झोपली.
सून तीनदा उठली, श्वास चालू आहे ना बघायला.

शेटांचा हात पुरता थांबला नाही.
दर भेटीला त्यांच्याकडून कागदावर गोल गोल वळण काढून घेते;
पहिलं करवतीसारखं होतं, परवाचं
एखाद्या होडीमागच्या पाण्याइतकं हललेलं.
मुकुट अर्धाच राहिलाय, पाच पाकळ्या सोन्याच्या, दोन पांढऱ्या.
मुलगा म्हणतो, म्हापशाला विजेवर मुलामा देतात.
"ताका सोनें म्हणनात," शेट पुटपुटतात, पण चिडत नाहीत.

जाता जाता दारात थांबले.
त्यांचे वडीलही त्याच भट्टीवर बसायचे.
शेवटी हात कापायचा, कोणावरही खेकसायचे,
घराणंच तापट, असं गाव म्हणायचं.
"म्हणजे, बाये," त्यांनी विचारलं,
"म्हजो बापूय तापट नाशिल्लो?"

मी रिपोर्टाची घडी घातली. पुन्हा उघडली.